कल्याणकारी राज्याच्या आधी

जागतिक आनंद अहवाल प्रसिद्ध झाला की आपल्या वृत्तपत्रांत दोन दिवस डेन्मार्कचे कौतुक चालते. २०१२ च्या पहिल्या अहवालात, पुढे २०१३ आणि २०१६ मध्येही हा देश अग्रस्थानी होता. २०१८ पासून तो मान फिनलंडकडे गेला, तरी २०२५ मध्येही डेन्मार्क दुसऱ्या क्रमांकावर होता. हा क्रम हसरे चेहरे मोजून लागत नाही. शून्य ते दहा पायऱ्यांच्या शिडीवर आपण कोठे उभे आहोत, एवढेच माणसाला विचारले जाते. म्हणजे हे मापन समाधानाचे आहे.

शिक्षण आणि औषधोपचार विनामूल्य, वार्धक्यात निवृत्तिवेतन. मग माणूस सुखी होणार नाही तर काय, असे आपले अर्थपंडित म्हणतात. पण त्या देशाच्या राष्ट्रीय उत्पन्नाचा ४० टक्क्यांहून अधिक भाग करांत जातो. साध्या खरेदीवरही २५ टक्के कर आहे. एवढा भार तेथील गृहस्थ पिढ्यान्‌पिढ्या का सोसतो? दिलेला पैसा आपल्याच माणसांच्या कामी येईल, हा विश्वास त्याच्यापाशी आहे म्हणून. हा आपलेपणा सरकारी तिजोरीतून आलेला नाही.

१८६४ साली प्रशिया आणि ऑस्ट्रियाने डेन्मार्कचा पराभव केला. श्लेस्विग-होल्स्टीन गेले, सुमारे दोन पंचमांश भूमी गेली. एखादा समाज अशा आघाताने कायमचा खचला असता. तेथे धर्मोपदेशक आणि कवी ग्रुंडविग यांच्या विचारातून लोकविद्यालये आधीच उभी राहू लागली होती. पहिले १८४४ मध्ये र्‍योडिंगला निघाले. शेतकऱ्यांची तरुण मुले तेथे राहून मातृभाषा, इतिहास आणि गाणी शिकत; परीक्षा नाही, पदवी नाही. युद्धानंतर र्‍योडिंग शत्रूच्या हाती गेले, तेव्हा ते कार्य नव्या सीमेच्या अलीकडे आस्कोव्हला हलवण्यात आले आणि १८६५ मध्ये तेथे वर्ग सुरू झाले. पराभवाच्या पुढच्याच वर्षी!

पुढे परदेशी स्वस्त धान्याने बाजारभाव कोसळले. शेतकरी लोण्याकडे वळले आणि १८८२ मध्ये ह्येडिंग या गावी पहिली सहकारी दुग्धशाळा निघाली. गोठ्यात कितीही गाई असोत, सभासदाला मत एकच. वृद्धांना साहाय्य देणारा कायदा १८९१ चा, म्हणजे शाळा आणि दुग्धशाळा यांच्या नंतरचा. हा क्रम आपले योजनाकार सहसा विसरतात.

२०१६ मध्ये डॅनिश नागरिकांनी मतदानाने आपली दहा राष्ट्रीय मूल्ये निवडली. त्यांत स्वातंत्र्य, परस्परविश्वास, डॅनिश भाषा, ख्रिस्ती वारसा आहे. घरगुती ऊबदार सहवासाला ते ‘ह्युगे’ म्हणतात, तेही आहे. आणि कल्याणकारी समाजही याच यादीत आहे.

आता या विश्वासाची परीक्षा चालू आहे. २०१८ च्या कायद्याने, पाश्चात्त्येतर स्थलांतरित मोठ्या संख्येने राहतात अशा ठरावीक वस्त्यांत, एक वर्षाच्या बालकांना आठवड्याला २५ तास पाळणाघरात डॅनिश भाषा आणि परंपरा शिकवणे बंधनकारक झाले. न पाठवल्यास कुटुंबाचा बालभत्ता थांबू शकतो. आमच्यातील काहींना हे वाचून टाळ्या वाजवाव्याशा वाटतील. मला वाटत नाहीत. विश्वास आटला तर एवढा कर कोणी देणार नाही, ही त्यांची चिंता खोटी नाही. परंतु आस्कोव्हला कोणी दंडाच्या भीतीने गेले नव्हते, आणि भत्ता थांबवून मनात घर करता येत असते तर राष्ट्रनिर्माण फार सोपे झाले असते.

२०२३ मध्ये तेथील सरकारने १६८६ पासून चालत आलेली ‘महाप्रार्थना दिना’ची सुटी रद्द केली, युक्रेनच्या युद्धानंतर संरक्षणखर्चासाठी पैसा हवा होता. देशरक्षणासाठी एक सुटी म्हणजे किरकोळ त्याग, असे मलाही प्रथम वाटले. पण कोपनहेगनच्या रस्त्यावर हजारो लोक उतरले, कामगार संघटना आणि चर्च एका बाजूला उभे राहिले. रविवारी फारसे कोणी चर्चमध्ये न जाणारा हा समाज! कामाचे दिवस, सुट्या या गोष्टी तेथे कामगार आणि मालक परस्पर बोलणी करून ठरवतात. या वेळी सरकारने ते स्वतःच ठरवले. लोक प्रार्थनेसाठी नव्हे, तर आपल्याला विचारले नाही म्हणून चिडले होते, असे मला वाटते.