दोष मातीच्या बांधाचा नाही, देखभालीचा

संपादक महोदय,

पाथर्डी-शेवगावच्या पुराचे खापर पाझर तलावांवर फोडणारा लेख वाचला. त्यातील मांडणी एकांगी आहे.

'तलाव फुटतात म्हणून पूर येतो' हा पहिला मुद्दा. मातीच्या बांधाच्या माथ्यावरून पाणी वाहिले की भराव धुपतो. ते टाळण्यासाठीच सांडवा असतो. तो गाळाने, झुडपांनी बुजू द्यायचा आणि दोष बांधाला द्यायचा, हा कुठला न्याय? भरावावर वाढलेल्या बाभळींची मुळे आणि घुशींची बिळे यांतूनही गळती सुरू होते.

'पूर रोखण्यात उपयोग शून्य' हेही खरे नाही. गर्भगिरीच्या उतारावरचे पाणी करंजी-तिसगावकडच्या ओढ्यांना बघता बघता येते. रिकामा तलाव तो लोंढा अडवतो, तर भरलेला तलाव सांडव्यावाटे सोडताना त्याचा जोर कमी करतो. सप्टेंबरात तुडुंब भरल्यावर ढगफुटीसदृश पावसापुढे त्याची मर्यादा उघडी पडते, एवढेच मान्य.

तिसरा मुद्दा तिवरे धरणाच्या दाखल्याचा. चिपळूण तालुक्यातील हे धरण २ जुलै २०१९ रोजी रात्री फुटले. पण तेथील ग्रामस्थांनी गळतीची तक्रार आधीच केली होती, हे लेखात नाही. म्हणजे हा दाखलाही देखभालीकडेच बोट दाखवतो.

१९७२ च्या दुष्काळात आणि पुढे रोजगार हमीवर मजुरांनी खपून उभे केलेले तलाव बुजवण्याची भाषा थांबवावी. दर मे महिन्यात सांडवे मोकळे करा, भरावावरची झाडे काढा, गाळ शेतात टाका.

एक शेतकरी, पाथर्डी (जि. अहिल्यानगर)