नुसतं बघून घ्या, काकू!

दोस्तांनो, अशी कल्पना करा. दुपारचे तीन वाजलेत. शाळा सकाळची होती, जेवण झालंय आणि तुम्ही गोष्टीचं पुस्तक घेऊन जरा लवंडलायत. आजी आतल्या खोलीत डुलकी काढतेय. तेवढ्यात बेल वाजते. एकदा नाही, लागोपाठ तीनदा! बाहेर उभा असतो एक दादा. गळ्यात टाय, खांद्याला भलीमोठी बॅग, कपाळावर घाम आणि चेहऱ्यावर असं हसू, की वाटावं हा आपल्या मामाचा सख्खा मित्रच. "काय बाळा, आई आहे का? काही घ्यायचं नाहीये हं. नुसतं बघून घ्या!"

हे "नुसतं बघून घ्या" प्रकरण काय असतं, त्याच्याबद्दल आज बोलू या.

आधी एक सांगून टाकते. दारावर वस्तू विकायला येणं यात वाईट काहीही नाही. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या अशी माणसं येत आलीत. जुन्या साड्यांवर स्टीलची भांडी देणारी बोहारीण, कल्हईवाला, सुरी-कात्रीला धार लावून देणारा, सोलापुरी चादरींचा गठ्ठा पाठीवर टाकून फिरणारा. आजीला विचारा, एका पातेल्यासाठी बोहारणीशी तासभर घासाघीस चालायची आणि दोघी एकमेकींना पुरून उरायच्या! पण त्यात एक मेख होती. ती बोहारीण महिन्या-दोन महिन्यांनी त्याच गल्लीत पुन्हा यायची. पातेलं आठ दिवसांत गळायला लागलं, तर तिची काही खैर नसायची. उद्या पुन्हा तोंड दाखवायचं असलं की माणूस जपून बोलतो. टायवाला दादा मात्र उद्या कुठल्या उपनगरात असेल, हे कधीकधी त्याचं त्यालाही ठाऊक नसतं. त्यामुळे जे काय विकायचं ते आजच, आत्ताच, तुम्हाला विचार करायला वेळ मिळायच्या आत.

म्हणून तर त्याच्या बॅगेत वस्तूंबरोबर थोडे खेळही असतात. त्यातला सगळ्यात भारी खेळ पाण्याचा.

तो दोन ग्लास मागून घेतो. एकात तुमच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या बाटलीतलं, म्हणजे 'मशीनचं शुद्ध पाणी'. मग धातूच्या कांड्या असलेलं एक छोटं यंत्र काढतो, कांड्या दोन्ही ग्लासांत बुडवतो आणि बटण दाबतो. बघता बघता नळाचं पाणी आधी पिवळट होतं, मग तांबूस, मग चक्क गटारासारखं काळपट. वर फेस, खाली गाळ. शेजारचा ग्लास मात्र जसाच्या तसा! "बघा काकू, हे तुम्ही लेकरांना पाजता!" काकूंचा चेहरा खर्रकन उतरतो. पुढच्या दहा मिनिटांत कितीतरी हजारांचं मशीन घरात यायची तयारी सुरू होते.

आता तुम्ही विज्ञान शिकलेली मुलं. सांगा बरं, ती घाण आली कुठून?

पाण्यातून नाही, कांडीतून! नळाच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम यांसारखे क्षार विरघळलेले असतात. त्यांच्यामुळे पाण्यातून वीज वाहते. वीज वाहिली की लोखंडी कांडी झिजते, तिचं लोखंड पाण्यात उतरतं आणि गंजासारखा गाळ तयार होतो. दुसऱ्या ग्लासातल्या पाण्यातले जवळजवळ सगळे क्षार काढून टाकलेले असतात. वीजच वाहत नाही, मग कांडी झिजणार कशी? त्या 'शुद्ध' ग्लासात चिमूटभर मीठ टाकलं, की तेही पाणी तसंच घाणेरडं होतं. आणि मीठ तर आपण रोज खातो! घरी कुणी हा खेळ मांडलाच, तर मोठ्यांच्या कानात सांगा, "त्यांना म्हणावं, तुमच्या ग्लासात जरा मीठ टाकून दाखवा." तुम्ही स्वतः मात्र हात लावायचा नाही. यंत्राची पिन भिंतीतल्या प्लगमध्ये असते. प्रयोग करून बघायचाच असेल तर शाळेच्या प्रयोगशाळेत, बाईंच्या देखरेखीखाली, लहानशा बॅटरीवर.

याच खेळाचा धाकटा भाऊ म्हणजे पेनासारखा दिसणारा टीडीएस मीटर. तो पाण्यात बुडवला की आकडा दिसतो आणि तो दाखवून घाबरवलं जातं. हा आकडा विरघळलेल्या क्षारांचा असतो, रोगजंतूंचा नव्हे. पाणी चांगलं खळखळून उकळलं तर जंतू मरतात, पण मीटरवरच्या आकड्यावरून ते काही कळत नाही! भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत क्षार चालतात. ज्यांच्याकडे बोअरवेलचं खारट पाणी येतं त्यांना मशीन खरंच लागत असेल, नाही असं नाही. पण ते आई-बाबांनी पाणी तपासून, चार दुकानांत चौकशी करून ठरवायचं. दारात उभ्या उभ्या, घाबरून नव्हे.

बरं, "नुसतं बघून घ्या" याला आपण हो म्हणतोच का? त्याचं उत्तर थोडं आपल्या चांगुलपणात आहे. दारी आलेल्याला पाणी द्यावं, उन्हातून आलेल्याला बसा म्हणावं, असं आपण शिकलेलो असतो. आणि एकदा बसा म्हटलं की उठा कसं म्हणायचं?

१९६६ साली अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी, फ्रीडमन आणि फ्रेझर यांनी, याच्यावरचा एक मजेदार प्रयोग प्रसिद्ध केला. कॅलिफोर्नियातल्या काही घरांत त्यांनी विचारलं, "गाडी जपून चालवा, अशी भलीमोठी पाटी तुमच्या अंगणात लावू का?" पाटी अगदी बेढब होती. शंभरातले साधारण १७ जणच हो म्हणाले. दुसऱ्या काही घरांत मात्र आधी फक्त एक इवलीशी पाटी लावायची विनंती केली होती. तिला कोण नाही म्हणणार? दोनेक आठवड्यांनी त्याच घरांत मोठ्या पाटीबद्दल विचारलं, तर शंभरातले ७६ जण तयार झाले! छोट्या गोष्टीला हो म्हटलं की मोठीला नाही म्हणणं जड जातं. या युक्तीचं नाव काय माहितीये? 'दारात पाय'! दार बंद होऊ नये म्हणून फटीत बूट अडकवणाऱ्या विक्रेत्यांवरूनच ते नाव पडलंय.

इथवर फार तर पैसे वाया जातात. पण हीच युक्ती चोरांच्या हातात पडली की काय होतं, तेही तुम्हाला माहीत हवं. दागिने पॉलिश करून देतो असं सांगणारे भामटे आपल्या राज्यात कितीतरी गावांत, शहरांत फिरलेले आहेत. त्यांच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. बहुतेक वेळा दोघं असतात आणि येतात ते दुपारी, घरात एकटी आजी किंवा काकू असेल तेव्हा. आधी म्हणतात, "देवाचा तांब्या द्या, फुकट चकचकीत करून देतो." तांब्या खरोखरच लखलखतो. मग चांदीचे पैंजण. तेही लखलखतात. मग हळूच, "हातातल्या बांगड्या काळवंडल्यात की हो आजी!" बघा, आधी इवलीशी पाटी, मग मोठी! बांगड्या एका द्रावणात बुडतात. सोनं साध्या आम्लाला दाद देत नाही, पण हायड्रोक्लोरिक आणि नायट्रिक आम्लाच्या मिश्रणात, ज्याला अम्लराज म्हणतात, ते विरघळतं. बांगडी परत मिळते ती चकचकीत, पण वजनानं हलकी. काही वेळा तर बांगड्या डब्यात घालून, "हळदीच्या पाण्यात ठेवा, अर्ध्या तासानं उघडा" असं सांगतात. अर्ध्या तासानं डब्यात असतात खडे.

आणि यातलं सगळ्यात वाईट काय, तर फसलेली आजी पुष्कळदा घरात सांगतच नाही. लाज वाटते, सगळे बोलतील अशी भीती वाटते. म्हणून आजच तिला सांगून ठेवा, "आजी, असं कधी झालं तर आधी मला सांग, मी रागावणार नाही." आणि मग खरंच रागवायचं नाही हं! आई-बाबांनाही रागावू द्यायचं नाही. पोलिसांना ११२ वर लगेच फोन करायचा. भामटे गल्लीच्या टोकापर्यंतच गेलेले असू शकतात.

आता तुमचं काय? घरी एकटे असाल तर गोष्ट अगदी सोपी आहे. दार उघडायचंच नाही. दाराच्या छिद्रातून बघायचं आणि आतूनच बोलायचं. "घरी कुणी नाही" असं मात्र कधीही म्हणू नका. म्हणायचं, "आत्ता बाहेर यायला जमणार नाही, तुम्ही जा." यात खोटं काही नाही, पण समोरच्याला नको ती माहितीही मिळत नाही. तो म्हणेल, "अरे बाळा, आईनंच बोलावलंय." म्हणू दे. आईला फोन करा. तो म्हणेल, "गॅस एजन्सीकडून आलोय, शेगडी तपासायचीय, नळी बदलावी लागेल." अशी तपासणी खरीही असते, पण तिच्या नावाखाली नळ्या नि कसलीकसली यंत्रं खपवणारेही असतात. गॅसच्या पुस्तकावर एजन्सीचा नंबर असतो, तिथे मोठ्यांनी फोन करून खात्री केली की प्रश्न मिटला. खरा माणूस पाच मिनिटं थांबतो किंवा पुन्हा येतो.

कुणी "छोटासा सर्व्हे आहे, लकी ड्रॉ आहे" म्हणून घरच्यांचा मोबाइल नंबर मागितला तर द्यायचा नाही. फोनवर आलेला ओटीपी तर कुणालाच नाही.

"इथे फक्त सही कर" असं म्हणाला तर? करू नकाच. पण समजा आधीच कुणी करून घेतली असेल, तर हातपाय गाळू नका. १८७२ च्या भारतीय करार कायद्याप्रमाणे करार करायला सज्ञान असावं लागतं, म्हणजे साधारणपणे १८ वर्षं पूर्ण हवीत. कोलकात्याच्या धर्मोदास घोष नावाच्या मुलानं सज्ञान होण्याआधीच घर गहाण टाकून सावकाराशी २० हजारांच्या कर्जाचा करार केला होता. खटला थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि १९०३ साली निकाल लागला, की अज्ञानाचा करार हा करारच नाही. तेव्हा तुमच्या सहीच्या कागदावर कुणी धमकावलं, तर हे आई-बाबांना सांगा.

मोठ्यांसाठीही एक गोष्ट. विक्रेत्यांचं जाळं उभारून थेट घरोघरी माल विकणाऱ्या कंपन्यांसाठी केंद्र सरकारनं २०२१ साली नियम केले आहेत. ओळखपत्र नसताना आणि आधी वेळ किंवा परवानगी घेतलेली नसताना अशा विक्रेत्यानं ग्राहकाच्या घरी जायचं नाही. आपण कोण, कुठल्या कंपनीचे, कशासाठी आलो, हे सुरुवातीलाच खरंखरं सांगायचं. म्हणून पहिलं वाक्य "ओळखपत्र दाखवा" हेच. फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे १९१५.

तुम्ही म्हणाल, मग त्या दादावर खेकसायचं का? छे! त्यातले पुष्कळजण नुकतेच कॉलेजातून बाहेर पडलेले असतात. रोज अमुक इतक्या वस्तू खपल्या तरच हातात पैसे, चार मजले चढून चारही दारं तोंडावर आपटलेली. घरात मोठी माणसं असतील तर त्याला जरूर पाणी द्या. पाणी दिलं म्हणून मशीन घ्यायलाच हवं, असं कुठे आहे? "नको आहे दादा, धन्यवाद" एवढंच म्हणायचं. कारण सांगत बसायचं नाही. "आत्ता पैसे नाहीत" म्हटलं की तो हप्त्यांचा कागद काढतो, "बाबांना विचारायला हवं" म्हटलं की संध्याकाळी सातला पुन्हा हजर! "नको" या शब्दाला मात्र त्याच्याकडे उत्तर नसतं. असलंच तर आपण तेच वाक्य, त्याच आवाजात, पुन्हा म्हणायचं. तिसऱ्यांदा म्हणून दार लावून घ्यायचं. हळूच, आपटायचं नाही.

हे वाचायला सोपं आणि करायला भलतंच अवघड आहे! तेव्हा आज रात्री जेवणं झाली की बाबांना एक पिशवी घेऊन दाराबाहेर उभं करा. त्यांनी तुम्हाला घरातलीच एखादी वस्तू विकायची. कुकरची शिट्टी, जुनी छत्री, काहीही. आर्जवं करू देत, तोंड पाडू देत, फुकट चॉकलेट देऊ देत. तुम्ही फक्त "नको आहे, धन्यवाद" म्हणायचं. मग अदलाबदल. तुम्ही बाहेर आणि आजी दारात. कोण किती वेळ टिकलं आणि कुणी शेवटी शिट्टी विकत घेतली, ते मला पत्रानं कळवा.