पावडरवाले, थर्मोस्टॅट आणि माझी साखर

वाचकहो, या सदरात मी सहसा दुसऱ्यांच्या चुका सांगतो. यंदा स्वतःची सांगतो. ती सांगितल्याशिवाय फराळाला हात लावू देणार नाही, असं सौ.ने बजावलं आहे.

मार्चमधली गोष्ट. मधुमेह माझा जुना सोबती, गेली चार वर्षं जेवणाआधी इन्सुलिन टोचून घेतो. दंडाला सेन्सर चिकटवलेला असतो, तो दर पाच मिनिटांनी साखर मोजून फोनवर पाठवतो. इतकी आयती आकडेवारी हाती लागल्यावर निवृत्त प्राध्यापक गप्प बसेल का? स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडला. नव्वद रात्रींचा जेवणाआधीचा डोस आणि जेवणानंतर दोन तासांची साखर एक्सेलमध्ये मांडली आणि आलेख काढला. ठिपके डावीकडून उजवीकडे चढत गेले होते. ज्या रात्री डोस जास्त, त्या रात्री साखरही जास्त.

शिकलेल्या माणसाला चुकीच्या निष्कर्षासाठी कारणही लगेच सापडतं. साखर फार खाली गेली की यकृत उलट साखर सोडतं, असं कुठेतरी वाचलेलं होतं. म्हटलं, हेच आपलं होत असणार, इन्सुलिनच जास्त होतंय. डॉक्टरांना न विचारता चौदा युनिटवरून दहावर आलो, मग आठवर. पाचव्या रात्री आकडा ३१८ वर गेला. मुलगी एडिसनला राहते, पण माझी साखर तिच्याही फोनवर दिसते. पावणेअकराला फोन आला.

"बाबा, काय खाल्लंत?"

"काही नाही गं. नेहमीचंच." आणि मग मी तिला माझा आलेख समजावून सांगितला. पलीकडे जरा वेळ शांतता. फोन स्पीकरवर होता. नात कॉलेजमधून घरी आली होती, तिचा आवाज आला, "आजोबा, तुम्ही डोस कधी वाढवता?"

एवढाच प्रश्न. डोस मी वाढवतो तो ताट मोठं असेल तेव्हा. पाहुणे आले, पुरणपोळी झाली, मंडळाच्या कार्यक्रमात जेवण झालं की दोन-चार युनिट जास्त. म्हणजे डोस आणि साखर या दोघांनाही वाढवणारं तिसरंच कोणी होतं, ते म्हणजे ताट. आलेखात ताटाला जागाच नव्हती. एकतीस वर्षं मी स्वयंचलित नियंत्रण शिकवलं. बॉयलर, ऊर्ध्वपातनाचे मनोरे, झडपा. परीक्षेत असं उत्तर लिहिणाऱ्या पोराला मी नापास केलं असतं.

त्या रात्री झोप लागेना, तेव्हा आजी आठवली. सातारा जिल्ह्यातलं आमचं गाव, साल १९६० च्या आसपासचं. पावसाळ्यात गावात हगवण सुरू झाली की सरकारी माणसं ब्लीचिंग पावडर घेऊन यायची आणि विहिरीत टाकायची. आता गावोगावी तिला टीसीएल म्हणतात. आजीला हे लोक मुळीच आवडायचे नाहीत. ती म्हणायची, "पावडरवाले आले की माणसं आजारी पडतात." आणि तिचं निरीक्षण अचूक होतं! पावडरवाले आणि आजार नेहमी बरोबरच यायचे. चुकला होता तो फक्त बाण कुठून कुठे काढायचा एवढा भाग. शाळेची पायरी न चढलेली आजी आणि पीएच.डी. झालेला नातू, साठ-पासष्ट वर्षांच्या अंतराने एकाच खड्ड्यात पडलो.

हा खड्डा सगळीकडे आहे, आणि जिथे काहीतरी आपोआप नियंत्रित होतं तिथे तर तो सर्वांत खोल. घरातला थर्मोस्टॅट घ्या. ७० अंशांवर लावून ठेवलात. थंडी वाढली की भट्टी जास्त जळते, घर ७० अंशांवरच राहतं. आता घराची रचना माहीत नसलेल्या माणसाला फक्त वर्षभराचे आकडे द्या: बाहेरचं तापमान, आतलं तापमान, गॅसचं बिल. तो सांगेल, गॅसचा आणि आतल्या तापमानाचा काही संबंध नाही, ते तर हलतच नाही. मात्र गॅस जास्त जाळला की बाहेर थंडी पडते! अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी २००३ मध्ये अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेबद्दल लिहिताना थर्मोस्टॅटचीच उपमा वापरली होती. नियंत्रण जितकं उत्तम, तितका कारणाचा आकड्यांतला माग पुसट. नियंत्रण परिपूर्ण असेल तर माग शून्य.

आता आपल्या गावाकडे येतो, कारण पावडरीच्या इतिहासातलं एक मोठं पान जर्सी सिटीचं आहे. न्यूअर्क अव्हेन्यूवर भाजी घेताना किती जणांना हे माहीत असतं, कोण जाणे.

एकोणिसाव्या शतकात हे शहर पसेइक नदीचं पाणी प्यायचं. वरच्या अंगाला पॅटरसनसारखी गिरण्यांची शहरं, त्यांचा मैला त्याच नदीत. विषमज्वराने माणसं मरत. शेवटी शहराने एका खाजगी कंपनीशी करार केला. कंपनीने रॉकअवे नदीवर बूंटनला धरण बांधलं, जुनं बूंटन गाव पाण्याखाली गेलं, आणि १९०४ मध्ये सुमारे २३ मैल लांबीच्या जलवाहिनीतून पाणी आलं. करारात शब्द होते शुद्ध आणि आरोग्यदायी पाण्याचे. शहराचं म्हणणं, हे तसं नाही. भांडण कोर्टात गेलं. १९०८ च्या मे महिन्यात न्यायाधीश फ्रेडरिक स्टीव्हन्स यांनी निकाल दिला, त्याचं सार असं: पाणी बहुतेक वेळा चांगलं असतं, पण वर्षातून दोन-तीनदा जोराचा पाऊस झाला की घाण येते. कंपनीने मैलावाहिन्या बांधाव्यात किंवा दुसरा काही उपाय करून दाखवावा.

कंपनीचे आरोग्य सल्लागार होते डॉ. जॉन लील. त्यांचे वडीलही डॉक्टर. यादवी युद्धात सैन्याबरोबर असताना जडलेल्या पोटाच्या दुखण्याने ते वर्षानुवर्षं झिजून गेले. घाणेरडं पाणी काय करतं हे लील यांना पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. त्यांनी ठरवलं, पाण्यात ब्लीचिंग पावडर घालायची. तीच, आजीची नावडती. तोवर साथ आल्यावर तात्पुरतं क्लोरीन घातल्याची उदाहरणं होती, इंग्लंडमधल्या लिंकनला १९०५ पासून ते चालू होतं. पण अमेरिकेत एका शहराच्या पाण्यात रोज, कायमचं रसायन मिसळायचं, हे ऐकूनच लोक दचकत. लील यांनी संयंत्राचा आराखडा जॉर्ज वॉरन फुलर या अभियंत्याकडे सोपवला. ९९ दिवसांत ते उभं राहिलं आणि २६ सप्टेंबर १९०८ ला सुरू झालं. दिवसाला चार कोटी गॅलन पाणी, आणि त्यात क्लोरीन दहा लाख भागांत अर्ध्या भागाहूनही कमी.

माझ्यासारख्याला यातला खरा आनंद फुलरच्या टाकीत आहे. द्रावण भोकातून सारख्या वेगाने पडायला हवं, तर भोकावरची पातळी सारखी हवी. ती राखायला तरंगता गोळा आणि झडप. आपल्या संडासाच्या टाकीत असतो तसाच! पातळी उतरली की झडप उघडते, चढली की मिटते. संगणक नाही, वीज नाही. जर्सी सिटीचं आरोग्य एका तरंगत्या गोळ्यावर टेकलेलं होतं. (विद्यार्थ्यांना मी कमोडची टाकी उघडून बघायला सांगत असे. अमेरिकन मुलं हसायची, देशी मुलांचे आईवडील तक्रार करायचे.)

शहराला हेही पटलं नाही. दुसरा खटला उभा राहिला. शहराच्या बाजूने एमआयटीचे सेजविक, व्हिपल अशी मोठी मंडळी साक्षीला होती. लील यांनी साक्षीत सांगितलं की हे पाणी आपण पितो आणि घरच्यांना द्यायलाही कचरणार नाही. १९१० मध्ये विल्यम मॅगी यांनी अहवाल दिला तो कंपनीच्या बाजूने. पुढच्या काही वर्षांत देशभरची शहरं क्लोरीन वापरू लागली.

पण पावडरीने नक्की किती जीव वाचवले? इथे आजीचा प्रश्न उलटा होऊन परत येतो. गढूळ पाण्याच्या दिवशी डोस वाढवायचा, स्वच्छ पाण्याच्या दिवशी कमी करायचा, असं चालणाऱ्या संयंत्राचं रोजचं रजिस्टर कोणी भोळेपणाने वाचलं, तर क्लोरीनमुळे पाणी बिघडतं असंच दिसेल. म्हणून मला वाटतं, जर्सी सिटीच्या प्रकरणात अभ्यासाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची गोष्ट कोर्टाची तारीख आहे. क्लोरीन त्या सप्टेंबरात सुरू झालं ते साथ आली म्हणून नाही, निकाल लागला म्हणून. डोसाकडे येणारा नेहमीचा बाण तिथे तुटला होता.

एवढ्यानेही भागत नाही, हेही सांगायला हवं. २००५ मध्ये डेव्हिड कटलर आणि ग्रँट मिलर यांनी १३ शहरांचा अभ्यास केला, त्यात जर्सी सिटी होती. विसाव्या शतकाच्या पहिल्या चार दशकांत या शहरांतले मृत्यू जितके घटले त्यातला जवळपास निम्मा वाटा स्वच्छ पाण्याचा, असं त्यांनी मांडलं. हा आकडा वर्गावर्गांत सांगितला गेला, मीही सांगितला. मग अँडरसन, चार्ल्स आणि रीस यांनी २५ शहरं घेऊन तोच हिशेब पुन्हा केला. आधीच्या अभ्यासात आकडे उतरवताना झालेल्या चुका सापडल्या, आणि एकूण मृत्यूंवरचा परिणाम फारच लहान निघाला. विषमज्वर त्या काळात इतर कारणांनीही कमी होतच होता, दूध सुधारत होतं, मैलावाहिन्या होत होत्या. पावडर निरुपयोगी होती असा याचा अर्थ नाही. गाळणी, क्लोरीन, दूध, गटारं यांतल्या कोणाला किती श्रेय द्यायचं, हे एका उतरत्या रेषेकडे बघून ठरत नाही, एवढाच अर्थ.

मग ठरतं कसं? आधी कागदावर बाण काढावे लागतात. ही युक्ती सीवॉल राइट या आनुवंशशास्त्रज्ञाची, १९२१ च्या सुमाराची. ज्यूडिया पर्ल यांनी तिचं अख्खं गणित उभारलं. त्यांचा मुख्य मुद्दा मराठीत दोन क्रियापदांत मावतो: पाहणं आणि करणं. डोस चौदा असलेल्या रात्री *पाहणं* वेगळं, आणि ताट कसंही असो, डोस चौदा *करणं* वेगळं. दुसऱ्यात ताटाकडून डोसाकडे येणारा बाण आपण कापलेला असतो. हा कापलेला बाण नेमका कुठला, हे आकडे सांगत नाहीत. ते सांगायला ताट माहीत असलेला माणूस लागतो.

ही चर्चा केवळ पुस्तकी राहिलेली नाही. आज ज्या मुलांना टाइप वन मधुमेह आहे त्यांच्या कंबरेचा पंप सेन्सर वाचून स्वतःच इन्सुलिन कमीजास्त करतो. अमेरिकेत असं पहिलं यंत्र २०१६ मध्ये मंजूर झालं. अशा पंपाला जुने आकडे नुसते घोकायला लावले, तर तो माझ्यासारखाच शिकेल: जास्त डोस, जास्त साखर, म्हणून डोस तोडा. तिथे पाचव्या रात्री मुलीचा फोन येईपर्यंत थांबायला वेळ नसतो. म्हणून त्याच्या पोटात शरीराचं कार्यकारणाचं प्रारूप घालतात: जेवणाने साखर चढते, इन्सुलिनने उतरते, पण उशिरा उतरते. व्हर्जिनिया आणि पदुआ विद्यापीठांनी मिळून बनवलेला असा संगणकातला रोगी २००८ मध्ये एफडीएने प्राण्यांवरच्या चाचण्यांऐवजी चालेल म्हणून स्वीकारला. औषधाचा डोस रोग्याच्या हालचालीप्रमाणे बदलत जातो तेव्हा हिशेब कसा करायचा, यावर जेम्स रॉबिन्स १९८६ पासून लिहीत आले आहेत. आमच्या नियंत्रणशास्त्रातही हे जुनंच: चालू बॉयलरची झडप काय करते हे कळायला तिला मुद्दाम, थोडासा, बाहेरून धक्का द्यावा लागतो. नुसतं बघत बसून कळत नाही.

तर मीही धक्का द्यायचं ठरवलं, या वेळी डॉक्टरांना विचारून. डोसाशी खेळायचं नाही, असं त्यांनी आधीच स्पष्ट केलं. बदलायची ती फक्त वेळ: नाश्त्याआधी पाच मिनिटं टोचायचं की वीस. साखर १०० च्या खाली असेल त्या दिवशी प्रयोग बंद. रोज तोच नाश्ता, वाटीने मोजलेला ओट्सचा उपमा. आणि पाच की वीस, ते मी ठरवायचं नाही, नाणं ठरवेल. नाण्याला माझं ताट दिसत नाही, म्हणून.

नाणं उडवायचं काम सौ.कडे होतं. अठ्ठावीस दिवस उपमा करून ती वैतागली. "अहो, पंधरा दिवसांत नाही का कळणार?" नाही कळणार, म्हणालो, साखर रोज इतकी हलते की पंधरात गोंधळच दिसेल. नातीने हिशेब केला. वीस मिनिटं आधी टोचलेल्या दिवसांची वरची साखर सरासरी ३४ ने कमी निघाली. आकडा माझ्यापुरता, तुमच्यासाठी नाही. तुमच्या डॉक्टरांना विचारा. डॉक्टरांनी कागद फाइलला लावला आणि पहिल्या आलेखाबद्दल काही बोलले नाहीत, त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

रात्रीचं जेवण मात्र अजून प्रयोगात बसत नाही, कारण ते रोज सारखं करायला सौ. तयार नाही. लक्ष्मीपूजनाला मुलगी-जावई आणि नात येणार आहेत. चकली, करंजी, अनारसे यांचे बाण नातीने फ्रिजवर चिकटवलेल्या कागदावर काढून ठेवलेत. अनारशाचा बाण तिने जरा जास्तच जाड काढला आहे.