वरची बाजू कोणती?

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. आधी डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग द्राक्षांचा हंगाम आला. आमच्या घरात हंगामात कोणी लिहीत-वाचत नाही, सगळे क्रेट मोजत असतात. आजचा विषय पाहून काही मंडळी म्हणतील, नानांना आता ट्रकही कळायला लागला! कळत नाहीच. मी मराठी माध्यमातून बी. ए. झालेला माणूस. पण दोन माणसांचं भांडण मिटवायला गेलो आणि त्या पायी गाडीखाली वाकून पाहावं लागलं. ते सांगतो.

पुतण्याकडे जुना सहाचाकी ट्रक आहे. निफाडकडची द्राक्षं वाशीच्या मार्केटला नेतो, गाडी स्वतःच चालवतो. गेल्या हंगामात पुढचा एक शॉकअप वाटेतच तुटून लोंबायला लागला, तो त्याने काढून फेकून दिला. दुसरा तेल गळून रिकामा झाला होता. म्हणून दोन्ही नवे आणून गावातल्या गॅरेजमध्ये बसवून घेतले. गॅरेजवाला मुलगा माझा विद्यार्थी. दहावीला दोनदा बसला, पण हात सोन्याचा.

नवे शॉकअप बसवून गाडी निघाली ती जुन्यापेक्षा वाईट. कसारा घाट उतरताना ब्रेक मारला की नाक खाली, सोडला की वर, आणि मग नुसते झोके. पुतण्या परतला तो कंबर धरून. त्या खेपेला मणीगळ जास्त झाली म्हणून व्यापाऱ्याने भावही पाडला. (तो दोष शॉकअपचाच होता असं मी म्हणणार नाही. रस्ताही काही कमी नव्हता.) पुतण्या म्हणाला, पोराने डुप्लिकेट माल घातला. पोरगा म्हणाला, माल तुम्हीच आणून दिलात. दुकानदार म्हणाला, एकदा बसवलेला माल परत घेत नाही. तिघेही आपापल्या जागी बरोबर! दोन दिवसांत प्रकरण असं पेटलं, की पुतण्या त्या मुलाचे मजुरीचे पैसे देईना आणि मुलाचे वडील आमच्या दारावरून जाताना मान वळवून जायला लागले. चाळीस वर्षांचा घरोबा. सौ. म्हणाली, तुम्ही दोघांचेही मास्तर, बघा काही जमतं का.

दुकानातून खोकं मागवलं. त्यात एक कागद होता, घड्या घालून बोटाएवढा केलेला. सगळा इंग्रजीत. शब्दकोश आणि भिंग घेऊन बसलो. पुण्याचा नातू मेकॅनिकल शिकतो, त्याला फोन लावला. तो म्हणाला, "आजोबा, फोटो पाठवा." पाठवला. क्षणात उत्तर आलं: "उलटे बसवलेत."

आता उलटं म्हणजे काय, हे मला समजेपर्यंत एक संध्याकाळ गेली. पण जे समजलं ते इतकं साधं आहे, की मी आठवीच्या वर्गात सहज शिकवलं असतं.

पहिली गोष्ट, हे नावच फसवं आहे. शॉक अॅब्सॉर्बर म्हणजे धक्का शोषणारा. धक्का मुळात झेलतात ते पाटे. पण स्प्रिंग कुठलीही असो, दाबली की उसळते, उसळली की पुन्हा दबते. झोपाळ्यावरून उतरल्यावर तो हलत राहतो ना, तसं. ते हलणं आवरतं घ्यायचं काम या नळकांड्याचं. त्यात तेल असतं. दांड्याच्या टोकाला दट्ट्या, दट्ट्याला बारीक भोकं आणि झडपा. दट्ट्या हलताना तेलाला त्या अरुंद वाटेनं घुसावं लागतं, ते अडतं, तापतं, आणि उसळी त्यात विरते. ब्रिटिश लोक त्याला डँपर म्हणतात, ते जास्त प्रामाणिक. आपल्याकडे धक्काशोषक हा शब्द करणाऱ्यांनी इंग्रजी नावाचं भाषांतर केलं, कामाचं नाही. भाषेच्या मास्तराला एवढी तक्रार माफ असावी.

(मागच्या चाकांना आमच्या ट्रकला शॉकअप नाहीतच, नुसते पाटे. पाटे एकमेकांवर घासतात, त्या घासण्यानेच थोडीफार उसळी मरते म्हणे.)

साध्या शॉकअपमध्ये नळीत नळी असते. आतल्या नळीत दट्ट्या चालतो. बाहेरच्या नळीत जादा तेल आणि त्याच्या वर थोडी हवा किंवा वायू. दांडा आत शिरला की तेवढी जागा तो व्यापतो, म्हणून थोडं तेल तळाच्या झडपेतून बाहेरच्या नळीत जातं. दांडा बाहेर आला की तेच तेल परत आत ओढलं जातं. झडप तळाला असल्यामुळे ती कायम तेलात बुडालेली राहते. आता हे नळकांडं उलटं टांगा. झडप वर आली, तेल खाली गेलं, झडपेपाशी उरली हवा. दांडा बाहेर आला की तेलाऐवजी हवा आत येते. आणि हवा काय अडवणार? दट्ट्या त्यातून सणकन निघून जातो.

मी हे स्वयंपाकघरात करून पाहिलं. औषधाची सुई नसलेली सिरिंज आणि पाण्याचा पेला. तोंड पाण्यात बुडवून दट्ट्या मागे-पुढे केला, हाताला जोर लागतो. तोंड पाण्याच्या वर घेतलं, दट्ट्या पोकळ चालतो. दुसऱ्या दिवशी तो पेला आणि ती सिरिंज घेऊन गॅरेजमध्ये गेलो. पुतण्यालाही बोलावलं होतं. दोघांच्याही हातात सिरिंज दिली. कोणी काही बोललं नाही. मग पोरगा गाडीखाली गेला.

पण त्याने उलटे बसवलेच का? मी विचारलं, रागावलो नाही. तो म्हणाला, "सर, जाड बाजू खाली ठेवली. तेल तिथंच असणार ना?" गंमत अशी, की दांड्याला धूळ लागू नये म्हणून त्यावर पत्र्याचं टोपण असतं, आणि ते तेलाच्या नळीवरून सरकायचं म्हणून तिच्यापेक्षा जाड. म्हणजे जाड दिसणारी बाजू ही दांड्याची, ती वर हवी. डोळ्याने पाहिलं की फसायला होतं. हातात मधोमध धरला तर मात्र जड बाजू लगेच कळते, तेल तिथं, ती खाली. त्यात हल्लीच्या बाईक. चाकणला बनणाऱ्या केटीएमचे पुढचे फोर्क उलटेच असतात, ते त्याने पाहिले होते. म्हणजे उलटं चालतं ही त्याची समजूत अगदीच निराधार नव्हती. १९५०च्या दशकात द कार्बों नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने एकाच नळीचा शॉकअप पुढे आणला. त्यात तेल आणि दाबलेला वायू यांच्यामध्ये सरकती चकती असते, दोघे एकत्र होतच नाहीत. तो कसाही बसवा, उलटासुद्धा. पण ट्रकचा आमचा तो नव्हे.

मला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. या शॉकअपला दोन्ही टोकांना सारखीच कडी, सारखंच बुश. उलटा घाला, सुलटा घाला, बोल्ट निमूट बसतो! जी वस्तू एकाच बाजूने चालते ती दोन्ही बाजूंनी बसावीच का? गॅसचा रेग्युलेटर उलटा बसतो का? दोन्ही कड्यांची भोकं वेगळी ठेवली असती तर विषय संपला असता. तेही नको, निदान नळकांड्यावर बाण काढून "वर" एवढी दोन अक्षरं छापायची. गावोगावच्या गॅरेजमध्ये जाणारा माल, आणि सूचना अशा भाषेत आणि अशा बारीक अक्षरात, की बसवणारा वाचणार नाही हे छापणाऱ्यालाही माहीत असावं.

नातू यावर म्हणाला, "आजोबा, मेकॅनिकला एवढं कळायलाच पाहिजे." पाहिजे, मान्य. पण त्याला शिकवलं कोणी? मीच त्याला विज्ञानाचा तास घेणारा शिक्षक रजेवर असला की शिकवत असे. स्प्रिंगचा धडा वाचून दाखवायचो, "समजलं का?" विचारायचो, आणि वर्ग एका सुरात "हो" म्हणायचा. सिरिंज आणि पेला तेव्हाही दहा पावलांवर, शाळेच्या प्रथमोपचार पेटीत होता.

कागदावर आणखी एक ओळ होती, ती कोणीच पाळत नाही. दुकानात शॉकअप आडवे पडलेले असतात, त्यामुळे हवा आतल्या नळीत शिरलेली असते. म्हणून बसवण्याआधी उभा धरून, दांडा वर, पाच-सहा वेळा पूर्ण ओढायचा आणि दाबायचा. पहिल्यांदा पोकळ लागतो, मग सारखा जोर लागायला लागतो. आणि कोनही महत्त्वाचा. चाक वर-खाली होताना सरळ उभ्या शॉकअपचं जे काम होतं, ते ३० अंश कलला की पाऊण राहतं आणि ४५ अंशांना निम्मं. साधा शॉकअप ४५च्या पुढे कलवूच नये. तुटलेली ब्रॅकेट बदलताना वेल्डर जिथं लोखंड सापडेल तिथं जोडून देतात, त्यांच्यासाठी हे लिहून ठेवतो.

दोन्ही शॉकअप काढले, उभे धरून पंप केले, सुलटे बसवले. एकही रुपया नवा लागला नाही. पुतण्या रात्री भरलेली गाडी घेऊन निघाला. पहाटे कसाऱ्याहून फोन आला, "नाना, नाक खाली गेलं की तिथंच थांबतंय."

मजुरीचे पैसे त्याने परतल्यावर दिले. मुलाचे वडील अजून दारावरून जाताना सरळ बघत नाहीत, पण परवा सौ.ने हाक मारली तेव्हा थांबले आणि पाणी पिऊन गेले.