प्राण वाचले, पुढे काय?

परांचीवरून कोसळून मज्जारज्जूला इजा झालेला गवंडी, लोकलखाली पाय गमावलेला कारकून किंवा पक्षाघाताने एक बाजू लुळी पडलेला शिक्षक यांचे प्राण वाचविण्याचे वैद्यकशास्त्राचे सामर्थ्य गेल्या काही दशकांत निःसंशय वाढले आहे. त्या उपचारांचा भार काही अंशी शासनानेही उचलला आहे. २०१८ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाकाठी ५ लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण आहे. मात्र रुग्णालयातून घरी पाठविल्यानंतरच्या खर्चाची तरतूद या योजनेत केवळ १५ दिवसांपुरती आहे. अपंगत्व आलेल्या माणसाच्या खऱ्या अडचणी सुरू होतात त्या सोळाव्या दिवशी.

घरी परतताच चाकांची खुर्ची उंबऱ्याशी अडते. चाळीचा जिना हा तुरुंगाचा दरवाजा ठरतो. योग्य शुश्रूषेअभावी शय्याव्रण होतात, मूत्रमार्गाचा संसर्ग होतो आणि रुग्ण पुन्हा रुग्णालयात दाखल होतो. तेथे विम्याचे दार त्याला पुन्हा उघडू शकते. परंतु ही वेळच येऊ नये म्हणून घरी लागणाऱ्या शुश्रूषेची जबाबदारी कोणीही घेत नाही. अर्थशास्त्राच्या दृष्टीने याहून उफराटा हिशेब क्वचितच सापडेल.

उपजीविकेच्या प्रश्नातही असाच पंक्तिप्रपंच आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या कलम २० नुसार सेवेत असताना अपंगत्व आलेल्या शासकीय कर्मचाऱ्यास सेवेतून कमी करता येत नाही. तो पूर्वीचे काम करण्यास असमर्थ ठरल्यास त्याच वेतनश्रेणीत त्याला दुसरे काम द्यावे लागते आणि तसे पद नसल्यास अधिसंख्य पद निर्माण करावे लागते. तरतूद आदर्शच आहे. परंतु परांचीवरून पडलेल्या गवंड्याला, हमालाला किंवा शेतमजुराला तिचा काय उपयोग? देशातील बहुसंख्य श्रमिक याच असंघटित वर्गातील आहेत.

अशा वेळी सारा भार घरातील स्त्रीवर येतो. पत्नी वा आई आपली मजुरी सोडून शुश्रूषेला बसते आणि एका अपघाताने घरातील दोन मिळकती बुडतात. तिच्या अहोरात्र श्रमांची नोंद राष्ट्रीय उत्पन्नात होत नाही. म्हणूनच पुनर्वसनाचा खर्च देशाला परवडणार नाही, हा युक्तिवाद फसवा आहे. तो खर्च आजही होतोच. फक्त तो सर्वांत दुबळ्या कुटुंबाच्या माथी मारला जातो.

अपंगत्वावर मात करणाऱ्यांच्या जिद्दीचे गोडवे गाण्याची समाजाला हौस आहे. १९६५ च्या युद्धात जायबंदी झालेले मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये जलतरणाचे सुवर्णपदक मिळविले. त्यांचे कर्तृत्व असामान्यच. परंतु त्यांच्या पाठीशी लष्कराची उपचारव्यवस्था आणि पुढे नोकरीचा आधार होता, याचा विसर पडू नये. जिद्दीला आधार लागतो. तो नसेल, तर जिद्दीचा उपदेश म्हणजे निव्वळ क्रूरता होय.

यासाठी सारेच नव्याने उभारावे लागेल असेही नाही. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावी, असे धोरण आहे. रुग्णालयाने रुग्णाला घरी पाठविताना त्याच्या संमतीने ग्रामपंचायतीस वा नगरपालिकेस कळवावे; त्या संस्थेने याच निधीतून घराला उतार व शौचालयाला आधाराचा कठडा करून द्यावा; आरोग्यसेविकेने नियमित भेट द्यावी आणि अपंगत्वाचे प्रमाणपत्र मिळविण्यासाठी त्याला हेलपाटे घालावे लागू नयेत. विम्याची मुदतही पंधरा दिवसांवरून निदान वर्षभर वाढविली पाहिजे. प्राण वाचविण्यासाठी लाखो रुपये खर्च करावयाचे आणि वाचलेल्या माणसाला चार भिंतींत कोंडून ठेवावयाचे, ही काटकसर नव्हे. हा माणसाचा आणि पैशाचा, दोहोंचाही अपव्यय आहे.