लस आणि आपला विवेक

गोवर-रुबेला लसीत गर्भपातित बालकाचे अवशेष असतात, अशी कुजबुज आमच्या कानी येते. भीतीला उत्तर सत्यानेच द्यावे. रुबेलाचा विषाणू ज्या पेशींवर वाढवितात, त्यांचा उगम १९६० च्या दशकातील गर्भपातात आहे, हे आम्ही लपवीत नाही. त्या कृत्याचे समर्थनही करीत नाही. परंतु लसीसाठी नवा गर्भपात लागत नाही आणि लस गाळताना पेशी वेगळ्या काढतात. २०१७ साली व्हॅटिकनच्या जीवनविषयक अकादमीने पालकांना निःशंक मनाने लस देण्याची मुभा दिली. गर्भवतीला रुबेला झाला, तर पोटातील बाळ दगावू शकते वा अंध, बधिर जन्मू शकते. गर्भाचा कैवार घेऊन लस नाकारणारे त्याच गर्भाला संकटात लोटतात, हे आम्ही बजावून सांगतो.