मनीचे टाके आणि आपला गोळ्यांचा डबा

पावसाळ्यातली गोष्ट. रात्रीचे साडेनऊ झाले होते, कंपाउंडर शटर ओढायच्या तयारीत होता. तेवढ्यात नालासोपाऱ्याच्या एक काकू भिजत आत आल्या. माझ्या जुन्या पेशंट. यजमान गेल्यापासून एकट्याच राहतात.

"डॉक्टर, मला काही झालं नाही. आमच्या मनीचं काल ऑपरेशन झालं. पिशवीत पू झाला होता, पिशवीच काढली. आज दिवसभर नुसती कोपऱ्यात पडून आहे. अंगही तापलंय. तापाची अर्धी गोळी दुधातून देऊ का?"

मी "अजिबात नको" म्हणालो, आणि जरा मोठ्यानेच म्हणालो. काकू दचकल्या. मी एवढा का ओरडलो, ते वाचकांना सांगायला हवे.

वीस-बावीस वर्षांपूर्वी शेजारच्या आजोबांचा बोका भांडणात जखमी झाला होता. दवाखान्यात गर्दी होती. आजोबांनी दारातूनच विचारले आणि मी मान वर न करता सांगितले, "पॅरासिटामॉलची अर्धी गोळी कुटून द्या." दुसऱ्या दिवशी बोक्याचे तोंड सुजले, हिरड्या तपकिरी झाल्या, श्वास लागला आणि संध्याकाळी तो गेला. आजोबांना वाटले, जखम चिघळली. मलाही तसेच वाटले. खरे कारण पुढे एका पशुवैद्य मित्राने सांगितले. तोवर आजोबा वारले होते. त्यांची माफी मागायची राहून गेली.

पॅरासिटामॉल आपल्या पोटात गेले की आपले यकृत त्याला साखरेपासून बनलेले एक आम्ल जोडते आणि ते लघवीवाटे बाहेर टाकते. मांजराच्या यकृताला हे काम जवळजवळ जमतच नाही. मग औषधाचे विषारी घटक तांबड्या पेशींवर हल्ला करतात, रक्त चॉकलेटी रंगाचे होते आणि प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही. यकृतही बिघडते. पाचशे मिलिग्रॅमची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, काही वेळा त्याहून कमीही पुरते. चुकून दिली गेलीच, तर 'बघू सकाळी' म्हणू नये. यावर उतारा आहे, पण तो पहिल्या काही तासांत पशुवैद्यांच्या हातून मिळायला हवा. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन या गोळ्याही घरच्या घरी मांजराला कधीच देऊ नयेत.

एकाचे औषध ते दुसऱ्याचे विष, याचा मोठा दाखला आपल्या देशानेच पाहिला आहे. गुरांना दुखण्यावर डायक्लोफिनॅक दिले जाई. अशी गुरे मेल्यावर त्यांचे मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि आभाळातली गिधाडे दिसेनाशी झाली. २००६ साली सरकारने जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली. गाईला सोसले ते गिधाडाला सोसले नाही. मग माणसाला सोसते ते मांजराला सोसेल, हे कशावरून?

आता मनीच्या तापाविषयी. आपले तापमान ९८.४ फॅरनहाइट धरतात. मांजराचे नेहमीचेच तापमान साधारण १००.५ ते १०२.५ असते. त्यामुळे धडधाकट मांजरही आपल्या हाताला गरम लागते. काकूंना मी शस्त्रक्रिया करणाऱ्या पशुवैद्यांना माझ्यासमोरच फोन लावायला सांगितला. वेदनाशामक इंजेक्शन दिलेलेच होते. भुलेची गुंगी उतरायला एखादा दिवस लागतो, पण उद्या सकाळपर्यंत खाल्ले नाही तर घेऊन या, असे ते म्हणाले. काकूंचा जीव भांड्यात पडला.

त्यांच्याकडून आणि माझ्या मित्राकडून समजून घेतलेल्या चार गोष्टी इथे देतो.

पहिली, ऊब आणि शांतता. भुलेनंतर अंग गार पडते. आपल्याकडे पावसाळ्यात तळमजल्याची लादी ओली असते. म्हणून खोक्यात जुनी चादर घालून मांजराला कोरड्या कोपऱ्यात ठेवावे. दहा-बारा दिवस कपाटावर, खिडकीवर उड्या मारू देऊ नयेत.

दुसरी, खाणे. शुद्धीवर आल्यावर थोडे थोडे द्यावे. काटे काढलेला, बिनमिठाचा उकडलेला मासा उत्तम. वसईकरांच्या घरी सुका बोंबील हाताशी असतो, पण तो खारट, म्हणून नको. कांदा-लसणाचा रस्सा तर नकोच, त्यानेही मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात. दूध बऱ्याच मोठ्या मांजरांना पचत नाही, जुलाब होतात. 'भूक लागली की खाईल' असे मात्र म्हणू नये. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिले तर त्याच्या यकृतात चरबी साठून नवेच दुखणे उभे राहते. चोवीस तासांत काही खाल्ले नाही, तर पशुवैद्यांना कळवावे.

तिसरी, टाके. मांजराची जीभ कानशीसारखी खरखरीत असते, चाटून चाटून ते टाके उसवते. गळ्यात घालायला नरसाळ्यासारखा प्लास्टिकचा कोन मिळतो. त्याची दया येऊन तो काढू नये. जखमेवर हळद, मलम, घरातले जंतुनाशक काही लावू नये, कारण लावलेले सगळे पोटात जाते. लादी फिनाईलने पुसू नये. मांजर त्यावरून चालते आणि मग पंजे चाटते. टाके साधारण दहा ते चौदा दिवसांनी काढतात.

चौथी, नजर. मांजर दुखणे लपवते, ओरडत नाही. अंग चाटून साफ करणे बंद झाले, पाठ वाकवून कोपऱ्यात बसून राहिले, की दुखते आहे असे समजावे. रक्त किंवा पू आला, हिरड्या पांढऱ्या वा निळसर दिसल्या, तोंड उघडून श्वास घेऊ लागले, दिवसभरात लघवी झाली नाही, तर रात्र असली तरी पशुवैद्य गाठावा.

माझे काम सुरू होते ते वेगळ्या ठिकाणी. दुखऱ्या पोटाला हात लागला की घरचे मांजरही चावते. तसे झाले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे यावे. रेबीज मांजराकडूनही होतो. शिवाय मांजराचे दात सुईसारखे खोल जातात, वरून जखम लहान दिसते आणि आत पू धरतो.

काकू गेल्यावर कंपाउंडर हसून म्हणाला, "मांजराच्या ऑपरेशनला एवढा पैसा?" मला वाटते, खरी अडचण इथेच आहे. लोक हसतील म्हणून माणसे पशुवैद्यांना पुन्हा फोन करत नाहीत, फी वाचवतात आणि आमच्यासारख्याला जाता जाता एक गोळी विचारतात. आम्हीही भिडेपोटी सांगून टाकतो. वास्तविक १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार जनावरांवर उपचार करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यांचा आहे, माझ्या एमबीबीएसचा नाही. परळला पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ साली सुरू झाले. ज्या शास्त्राला आपल्या मुंबईत सव्वाशेहून अधिक वर्षे झाली, ते मी दारात उभ्या उभ्या अर्ध्या गोळीत उरकावे, हे बरे नव्हे.

आणि ही सवय मांजरापुरती थांबत नाही. मागच्या वेळी उरलेली गोळी शेजारणीला, तिची आपल्या सुनेला, असे घरोघर चालते. गोळ्यांचा तो डबा कुलपात ठेवा, एवढेच माझे सांगणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंचा फोन आला. मनीने मांदेलीचे दोन तुकडे खाल्ले होते. बाराव्या दिवशी टाके निघाले. परवा त्या रक्तदाब तपासायला आल्या, तेव्हा सांगत होत्या की मनी पुन्हा फ्रिजवर जाऊन बसते. त्या दिवशी काकूंचा रक्तदाबही बरा निघाला.